बदलणारा नको, तपासणारा मिस्त्री हवा

वाचकाचं पत्र:

मी जिंतूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. राहायला जिंतुरात, शाळा तेरा किलोमीटरवर. मिस्टर नोकरीसाठी लातूरला असतात. दोन वर्षांपूर्वी २०१५ ची पेट्रोल वॅगन आर सेकंडहँड घेतली, ती मीच चालवते. मार्चपासून गाडी तापायला लागली. मोकळ्या रस्त्यावर काही होत नाही, पण बाजाराच्या दिवशी गर्दीतून हळूहळू निघाले की तापते. दीरांना सोबत घेऊन इथल्या एका गॅरेजला गेले. त्यांनी आधी थर्मोस्टॅट बदलला, मग वॉटर पंप, मग अख्खा रेडिएटर. तीन खेपांत ११,८०० रुपये गेले, तेही एका चिठ्ठीवर. शेवटी बोअरचं पाणी भरून "आता काही होत नाही" म्हणाले. आठ दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्या मिस्त्रीने बॉनेट उघडून नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "हेड गॅसकेट गेलंय, इंजन खोलावं लागतंय, २५-३० हजार धरून चला." दोघंही बोलतात दीरांशी, माझ्याशी नाही. परभणीला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यावी की दुसरा मिस्त्री बघावा? आणि तो भरवशाचा आहे हे कळावं कसं?

ताई,

तुमचं पत्र वाचून आधी एक सांगते: इंजिन खोलायला अजून होकार देऊ नका. आणि नीट तपासणी होईपर्यंत गाडी उभी ठेवा. या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचं असतं. पुन्हा पुन्हा तापलं की ते वाकतं, आणि आज नसलेला खर्च उद्या खरोखर येऊन बसतो. थोडे दिवस शाळेला एसटीने किंवा काळी-पिवळीने जा. हाल होतील, ठाऊक आहे. मधेच कधी नाइलाजाने गाडी काढावी लागली आणि तापली, तर एसी बंद करा, रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन बंद करा आणि अर्धा-पाऊण तास नुसती थांबा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, वरून गार पाणी ओतायचं नाही.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य: "मोकळ्या रस्त्यावर काही होत नाही, गर्दीतून हळूहळू निघाले की तापते." गाडी वेगात असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर गार करतो. गाडी थांबली किंवा रांगायला लागली की वारा संपतो आणि सगळा भार विजेवर चालणाऱ्या पंख्यावर येतो. म्हणजे हळू चालताना तापणाऱ्या गाडीचा सगळ्यात आधी पंखा बघायचा. तो फिरतो का, पूर्ण जोराने फिरतो का, त्याचा फ्यूज आणि रिले, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच, धड आहे का, त्याला चालू हो म्हणणारा तापमानाचा सेन्सर काम करतो का. रिले काही शे रुपयांत मिळतो. हेच उलटं असतं, म्हणजे गावात ठीक आणि हायवेला तापते असं असतं, तर पाण्याच्या फिरण्याकडे, म्हणजे थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), पंप, चोंदलेला रेडिएटर यांच्याकडे आधी बघायला हवं होतं. तुमच्या गाडीत पहिल्या मिस्त्रीने नेमक्या याच तीन गोष्टी बदलल्या. पंख्याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. तो कुणी तपासला असेल तर उत्तम, पण मला तसं दिसत नाही.

पत्रावरून निदान होत नाही, तेव्हा पंखाच गेलाय असं मी म्हणत नाही. मार्चपासून इतक्यांदा तापल्यामुळे हेड गॅसकेटही, म्हणजे हेड आणि खालच्या इंजिनाच्या मधलं सीलही, आता खरंच गेलं असेल. पण ते बॉनेट उघडून नुसतं बघून कळत नाही. त्याला तपासणी आहे, आणि ती इंजिन न खोलता होते. रेडिएटरच्या तोंडावर हातपंपासारखं एक यंत्र लावून दाब भरतात, झाकणावर जेवढा दाब छापलेला असतो तेवढा, आणि दहा-पंधरा मिनिटं काटा खाली येतो का ते बघतात. काटा उतरला आणि बाहेर कुठे गळती दिसली नाही, तर पाणी आत कुठेतरी जातंय. दुसरी तपासणी कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते त्याची. स्पार्क प्लग काढून तिथे गेज लावतात, तुमच्या इंजिनाच्या तिन्ही सिलिंडरचा दाब वेगवेगळा मोजतात आणि आकडे लिहून देतात. तिसरी रसायनाची: रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी धरतात, इंजिनातला धूर पाण्यात मिसळत असेल तर निळं पिवळं होतं. काही खुणा तुम्हीही घरी बघू शकता. सकाळी गार गाडीत ऑइलचं झाकण उघडा. आतून दुधाळ, चहाच्या रंगाचा चिकटा लागलेला असेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतच राहत असेल, कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येत असतील आणि गळती न दिसता पाणी कमी होत असेल, तर दुसऱ्या मिस्त्रीच्या म्हणण्यात तथ्य आहे.

यातच तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. भरवशाचा मिस्त्री बदलायच्या आधी तपासतो. तो स्वस्त असेल असं नाही, गोड बोलणारा असेल असंही नाही. पण "कशावरून म्हणता?" असं विचारलं तर त्याच्याकडे दाखवायला काहीतरी असतं. गेजचा आकडा, झिजलेला पार्ट, ओला झालेला होज, म्हणजे पाण्याची रबरी नळी. पहिल्या मिस्त्रीने तुम्हाला फसवलंच असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे अंदाजपंचे पार्ट बदलत जाण्याची सवय फार आहे. हा बदलून बघू, नाही जमलं तर तो बदलू. त्यात लबाडी असेलच असं नाही, पण गिऱ्हाइकाचा खिसा तेवढाच रिकामा होतो.

मात्र त्याचं बोअरचं पाणी मला खटकलं, बिलापेक्षा जास्त. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टचा, आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती ते घरातल्या गिझरची कॉइल बघितलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. तेच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. नवा रेडिएटर बसवून त्यात बोअरचं पाणी भरणं म्हणजे आपणच केलेलं काम आपल्याच हाताने बिघडवणं. तिथे कूलंट हवं. तयार मिसळलेलं घ्या, नाहीतर घट्ट कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये, म्हणजे दुकानात बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं त्यात, डब्यावरच्या प्रमाणाने मिसळा. पुढे जिथे काम कराल तिथे पहिल्यांदा हे बोअरचं पाणी काढून, आतली सिस्टिम धुऊन कूलंट भरायला सांगा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळे याकडे दुर्लक्ष नको.

आता कुणाकडे जायचं. या एका कामासाठी, म्हणजे तपासणीसाठी, मी तुम्हाला परभणीला जा म्हणेन. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाबाचं यंत्र, कॉम्प्रेशन गेज आणि स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र, असण्याची खात्री जास्त. तिथे जॉब कार्डवर "फक्त तपासणी, मालकाला विचारल्याशिवाय कोणताही पार्ट बदलू नये" असं लिहून घ्या आणि मगच सही करा. गाडी चालवत नेऊ नका. टोचन लावून न्या, किंवा आधी विमा पॉलिसी काढून बघा, रस्त्यात मदतीची जोड असेल तर गाडी उचलून नेण्याचा खर्च त्यात बसू शकतो. तपासणी झाली की लेखी अंदाजपत्रक मागा. त्यात थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन फ्लश, एसी निर्जंतुकीकरण अशा ओळी असतील तर त्या खोडायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. गाडी तापते म्हणून आणलीय, तेवढंच बघा म्हणावं.

पण दर बारीकसारीक कामाला परभणीच्या खेपा कशाला? ब्रेक, क्लच, बुश, सर्व्हिसिंग, बॅटरी ही कामं चांगला स्थानिक मिस्त्री तितकीच नीट करतो आणि मजुरीही कमी घेतो. वॉरंटीतली गाडी असती तर मी वेगळं सांगितलं असतं. एअरबॅग, एबीएस, चावीचं लॉक असलं काही असेल तर मात्र कंपनीकडेच.

मिस्त्री शोधताना आपण विचारतो, "कुणी चांगला आहे का?" आणि प्रत्येक जण आपापल्या पाहुण्याचं नाव सांगतो. त्याऐवजी ज्यांचं पोट गाडीवर आहे त्यांना विचारा. तुमच्या शाळेत मुलांना आणणारा व्हॅनवाला, टॅक्सीवाला, औषधांच्या एजन्सीची गाडी चालवणारा. त्यांची गाडी एक दिवस उभी राहिली तरी रोजी बुडते, त्यामुळे ते वाईट मिस्त्रीकडे दुसऱ्यांदा जात नाहीत. त्यांची गाडी पेट्रोलची लहान कार आहे ना, एवढं मात्र बघा. तालुक्याच्या ठिकाणचे बरेच मिस्त्री ट्रॅक्टर, जीप, बोलेरो यांच्यावर तयार झालेले असतात. डिझेलच्या कामात त्यांचा हात धरणारा मिळणार नाही, पण तोच माणूस तुमच्या गाडीच्या सेन्सरपुढे अडू शकतो. एसटी डेपोतून निवृत्त झालेल्या मिस्त्रीचंही तेच. गॅरेजमध्ये उभ्या गाड्या बघा, तुमच्यासारख्या दोन-तीन तरी दिसायला हव्यात. महिनोन्‌महिने खोलून ठेवलेल्या, काचांवर धूळ साचलेल्या गाड्या जास्त दिसल्या तर तिथून निघा. आणि ऊसतोडीच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, ट्रॅक्टरच्या कामाने सगळे गुंतलेले असतात, तेव्हा मोठं काम काढू नका.

आणखी एक जागा आहे, जिथे फारसं कुणी विचारत नाही: स्पेअर पार्टचं दुकान. कोणता मिस्त्री जुना पार्ट हातात घेऊन येतो आणि त्याच नंबरचा मागतो, कोण "कुठलाही चालेल, स्वस्तातला द्या" म्हणतो, हे काउंटरवरच्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. दुकानदार आणि मिस्त्री यांच्यात थोडं कमिशन असतं, हेही माहीत असू द्या. त्याचा फार राग धरू नका, आपल्याकडे मजुरी इतकी कमी देतात की मिस्त्रीचं घर बरंचसं त्या कमिशनवर चालतं. पार्टच्या खोक्यावरची छापील किंमत आणि बिलातली किंमत एवढं जुळलं की झालं. पार्ट स्वतः विकत घेऊन देण्याची घाई मात्र करू नका. उद्या बिघडला तर "पार्ट तुमचा होता" हे उत्तर तयार असतं.

आयटीआयचं मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र भिंतीवर असेल तर चांगलं, तो दोन वर्षांचा अभ्यास आहे. नसेल तर नापसंत करू नका. लहानपणापासून उस्तादाच्या हाताखाली शिकलेले फार गुणी लोक आपल्या भागात आहेत. मी भिंतीपेक्षा अवजारांकडे बघेन. मल्टिमीटर, स्कॅनर, टॉर्क रेंच दिसतो का? हेडचे बोल्ट किती जोराने आवळायचे याचं माप ठरलेलं असतं, ते नुसत्या हाताच्या अंदाजाने होत नाही. उद्या खरंच हेड उतरवायची वेळ आली तर दोन प्रश्न विचारा: हेड लेथवर पाठवून सपाट आहे का ते तपासणार ना, आणि बोल्ट टॉर्क रेंचने आवळणार ना? उत्तर देताना तो चिडला तर काम देऊ नका.

नाव ठरलं की पहिल्याच दिवशी मोठं काम देऊ नका. तुमची गाडी दुरुस्त होऊन आली की पुढच्या सर्व्हिसिंगला जा, नुसतं ऑइल आणि फिल्टर बदलायला. कोणत्या ग्रेडचं ऑइल आणि किती लिटर ते गाडीच्या पुस्तकात असतं, डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. मग सहज विचारा, "ब्रेक पॅड किती राहिलेत?" एक जण चाकाकडे न बघताच "बदलून टाकू ताई" म्हणेल. दुसरा चाक काढेल, पॅड दाखवेल आणि म्हणेल, "हे अजून चालतंय की, दिवाळीपर्यंत काही बघू नका." स्वतःचं चालून आलेलं काम जो नाकारतो, त्याच्याकडे पुढे डोळे झाकून क्लचचं कामही द्या. बॅटरीचंही असंच आहे. "बॅटरी गेली" म्हणाला तर मीटर लावून दाखव म्हणा. पूर्ण चार्ज बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि इंजिन चालू केल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.४ वर जायला हवा. चालू गाडीत आकडा वर जातच नसेल तर दोष चार्जिंगचा आहे, नवी बॅटरी घालून तीही आठवड्यात उतरेल. आणि तुमच्या गाडीच्या इंजिनाला टायमिंगची चेन असते, पट्टा नसतो. कुणी "टायमिंग बेल्ट बदलायला झालाय" म्हणालं तर त्याला या इंजिनाची माहिती नाही, किंवा तुम्हाला नाही असं तो धरून चाललाय.

तुमच्या बाजूनेही थोडं बदलावं लागेल. मिस्त्रीकडे गेल्यावर पार्टचं नाव घेऊ नका. "रेडिएटर बघा" म्हटलं की तो रेडिएटर बदलतो आणि जबाबदारी तुमची होते. लक्षण सांगा: किती किलोमीटर चालल्यावर, कोणत्या वेगाला, एसी चालू होता की बंद, चढावर की सपाटीला, आवाज कुठल्या चाकाकडून. गाडी सोडतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ पाठवा की दोन हजारांच्या वर खर्च जाणार असेल तर आधी फोन करा, आणि निघालेले जुने पार्ट डिक्कीत ठेवा. हे काम सुरू व्हायच्या आधी सांगायचं. एका वहीत तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती दिले हे लिहीत चला. पैसे यूपीआयने द्या, नोंद राहते. आणि वेळेवर द्या. "सोयाबीन निघालं की देतो" अशा उधारीवर आपल्याकडची अर्धी गॅरेजं चालतात, मिस्त्री त्या वसुलीत पिचून गेलेला असतो. ज्या दिवशी काम त्या दिवशी पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला तो कधी टाळत नाही. ठरलेल्या मजुरीत शेवटी शंभर-दोनशेची घासाघीसही करू नका, वाईट वाटतं माणसाला.

दीरांशी बोलतात, तुमच्याशी नाही, हे तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंत, पण माझ्या मते नुकसान तिथूनच सुरू झालं. गाडी रोज तुम्ही चालवता. ती कधी तापते, कधी नाही, हे फक्त तुम्हाला माहीत आहे, आणि मिस्त्रीने ते तुम्हाला विचारलंच नाही. विचारलं असतं तर पंख्यापर्यंत तो पहिल्याच दिवशी पोचला असता. पुढच्या वेळी एकट्या जा. दीरांना यायचंच असेल तर त्यांनी बाहेर चहा घ्यावा. मिस्त्री दुसरीकडे बघून बोलायला लागला तर सरळ सांगा, "भाऊ, गाडी मी चालवते, माझ्याशी बोला." चांगला माणूस लगेच ओशाळतो आणि नीट बोलायला लागतो. त्यानंतरही जो तुमच्या डोक्यावरून बोलतो त्याला काम द्यायचं नाही, कितीही हुशार असला तरी. बायका वर्गात चाळीस पोरं सांभाळतात, घरचे हिशेब सांभाळतात, त्यांना रिले म्हणजे काय हे कळायला दोन मिनिटं पुरतात.

राहिले ते ११,८०० रुपये. परभणीची लेखी तपासणी हातात आली की ती घेऊन पहिल्या मिस्त्रीकडे जा, भांडायला नाही. जुना थर्मोस्टॅट, पंप आणि रेडिएटर परत मागा, आणि दोष वेगळाच निघाला असेल तर मजुरी परत करा म्हणा. बरेच जण गावात नाव खराब नको म्हणून काहीतरी तोडगा काढतात. नाहीच ऐकलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे परभणीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही आणि वकील लावायलाच हवा असंही नाही. तुमच्याकडे पक्कं बिल नाही ही अडचण आहे, पण ती चिठ्ठी, यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा. पुढच्या वेळी सहीचं बिल मागा. लहान गॅरेजची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटीची नोंदणी लागत नाही, तेव्हा जीएसटी नसलेलं बिल म्हणजे खोटं बिल असं समजू नका. पण त्याने जीएसटी लावला असेल तर बिलावर २७ ने सुरू होणारा पंधरा अक्षरी नंबर असायलाच हवा.

दाबाची आणि कॉम्प्रेशनची तपासणी झाली की आकडे मला कळवा. तिन्ही सिलिंडरचे वेगवेगळे लिहा, त्यावरून हेड उतरवायची गरज आहे का ते पुढच्या अंकात सांगते.